मदत हवी आहे: आधी दाढ काढावी की हाडांचं इंजेक्शन?

आई ७१ वर्षांची, आम्ही गुहागरला. पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरली, मनगट मोडलं. डेक्सात (हाडांची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोअर उणे ३.१, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. त्यासाठीची अलेंड्रोनेट ७० मिग्रॅ गोळी दर रविवारी उपाशीपोटी घ्यायची, मग अर्धा तास ओटीवर ताठ बसायची. तरी छातीत जळजळ, शेवटी सोडली. आता वर्षातून एकदाचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सुचवलंय. त्यावरचा संशोधक डेनिस ब्लॅक यांचा २००७ चा अभ्यास वाचला: तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर्स ७० टक्के, खुब्याची ४१ टक्के कमी. खूप धीर आला. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) नॉर्मल, व्हिटॅमिन डी भरून काढलंय. अडलंय दाढेवर. ती काढायचीच आहे, आणि या औषधाने क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही म्हणे. तुमच्या घरी कोणाची दाढ काढून मग हे इंजेक्शन दिलं असेल, तर डॉक्टरांनी मध्ये किती आठवडे थांबायला सांगितलं होतं?