चर्चा: लोकसंख्या वाढली की संसदेच्या जागाही वाढायला हव्यात का?

मतपेटी
अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४३५ जागा आहेत, १९१३ पासून. (अलास्का आणि हवाई आली तेव्हा काही वर्षं दोन जागा जास्त होत्या, तेवढाच अपवाद.) १९१० च्या जनगणनेनुसार एका प्रतिनिधीमागे साधारण २ लाख १० हजार माणसं होती, २०२० ला ती ७ लाख ६१ हजार झाली. म्हणजे तिथल्या माणसाचा आवाज साडेतीनपट क्षीण झाला आणि त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

१७८७ मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटनेवर सह्या व्हायच्या दिवशी जॉर्ज वॉशिंग्टन बोलायला उठले. घटना लिहिणाऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून ते तोवर जवळजवळ गप्प होते. मागणी एकच: दर ४० हजारांमागे जास्तीत जास्त एक प्रतिनिधी ही मर्यादा ३० हजारांवर आणा, म्हणजे जास्त प्रतिनिधी येऊ शकतील. ती एकमताने मान्य झाली. इतक्या मोलाची गोष्ट नंतर गोठवून टाकली, याचं मला वाईट वाटतं. दर जनगणनेनंतर जागा वाढायलाच हव्यात.

चौथा बाक
आकडे बरोबर, निष्कर्ष पटत नाही. सातशे जणांचं सभागृह धरा. तीन तासांच्या चर्चेत निम्मा वेळ मंत्री आणि पक्षनेते घेतात. उरलेली ९० मिनिटं सातशे जणांत वाटली तर एकेकाला आठ सेकंदही येत नाहीत. मग बोलणार तो पक्ष ठरवेल तोच, बाकीच्यांनी व्हीप पाळायचा. याला प्रतिनिधित्व म्हणायचं की खोगीरभरती? इटलीत २०२० च्या सार्वमतात सुमारे ७० टक्के लोकांनी खालच्या सभागृहाच्या जागा ६३० वरून ४०० करायला होकार दिला. लोकांनाच जास्त खासदार नको आहेत.

रानवाट
चौथा बाक, तुम्ही फक्त भाषणं मोजताय. खरं काम समितीत चालतं. विधेयकाचं कलम न् कलम तपासायला माणसं लागतात, आणि सभागृह लहान केलं म्हणून मंत्री काही कमी होत नाहीत. ते वजा केले की सरकारला जाब विचारणारे किती उरले, ते मोजा. न्यूझीलंडने १९९६ ला ९९ च्या १२० जागा केल्या, त्यामागे समित्यांना माणसं पुरावीत हेही कारण होतं. १९९९ च्या सार्वमतात ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी परत ९९ करा म्हणून सांगितलं. तो कौल बंधनकारक नव्हता, जागा १२० च राहिल्या. मला तरी ते योग्य वाटतं, लोकांचा राग समजत असूनही.

आकडेमोड
आकडा का गोठतो, तेही पाहा. अमेरिकेत १९२० च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या निम्म्याच्या वर गेली. ग्रामीण भागाच्या जागा जाणार म्हणून दहा वर्षं फेरवाटपच झालं नाही आणि १९२९ च्या कायद्याने ४३५ कायम झाले. भारतात १९७६ ला ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांचं राज्यवार वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलं. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये, ही भावना त्यामागे होती. कारणं वेगळी, पण दोन्हीकडे भांडण वाटणीचंच.

रेन तागेपेरा या राज्यशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवलं की सभागृहांचा आकार बहुतेक लोकसंख्येच्या घनमुळाच्या आसपास असतो. त्या हिशेबाने अमेरिकेत ६९० च्या वर जागा हव्यात. ब्रिटनमध्ये मात्र ६५० ऐवजी ४०० च्या थोड्या वर पुरतील.

चौथा बाक
म्हणजे ब्रिटनबद्दल माझं खरं, अमेरिकेबद्दल मतपेटींचं. ठीक, तेवढं मान्य. पण वाढीला लगाम नसला की काय होतं ते जर्मनीत दिसलं: पक्षांच्या मतांचं प्रमाण जुळवायला जादा जागा देत देत किमान ५९८ जागांचं बुंडेस्टाग (तिथल्या संसदेचं सभागृह) २०२१ ला ७३६ वर गेलं. शेवटी ६३० ची कमाल मर्यादा घालावी लागली.

मतपेटी
आणि त्या मर्यादेपायी २०२५ ला २३ मतदारसंघांत पहिला आलेला उमेदवार घरीच राहिला, कारण पक्षाच्या मतांच्या प्रमाणात तेवढ्या जागा बसत नव्हत्या. तिथल्या मतदाराने आता कुणाचं दार ठोठवायचं? लगाम मलाही हवा, पण तो कायद्यात आधीच लिहिलेल्या सूत्राचा असावा: जनगणना झाली की आकडा आपोआप बदलेल, वरही आणि खालीही. ज्यांच्या जागा जाणार आहेत त्यांच्या हातात तो ठेवू नका.

चौथा बाक
खालीही, हे लिहून देत असाल तर माझा विरोध मागे.