मदत हवी: कानशीच्या टूलची धार एमएसवर (माइल्ड स्टील, साधं मऊ पोलाद) टिकत नाही

हिंगणा एमआयडीसीजवळच्या कबाड्याकडून जुनी चपटी कानस आणून टूल बनवलं आहे. छोटा बेंच लेथ (कातकामाचं यंत्र), जॉब म्हणजे कातायचा तुकडा २० मिमी एमएस रॉड, स्पीड ५०० आरपीएम. समोर आणि बाजूला ८ अंश क्लिअरन्स (टूल जॉबला घासू नये म्हणून धारेखाली दिलेला उतार). अर्धा मिनिट छान छिलका निघतो, मग टोक निळं पडतं आणि टूल नुसतं घासत राहतं. पुन्हा धार लावली तरी तेच. पुन्हा पाणी द्यावं का (लाल तापवून पाण्यात बुडवून कडक करावं का), की भंगारातच दुसरं मटेरियल शोधावं?

प्रतिसाद १
भाऊ, पाणी देऊन उपयोग नाही. कानस साध्या कार्बन पोलादाची. टोक २०० अंशांवर गेलं की मऊ पडायला लागतं; निळं म्हणजे ३०० च्या आसपास. तो निळा भाग पूर्ण घासून काढला नाही तर नवी धारही मऊच निघते. २० मिमीवर ५०० फेरे म्हणजे मिनिटाला ३१ मीटर. हा वेग हायस्पीड स्टीलचा आहे (तापलं तरी कडक राहणारं टूलचं पोलाद). कानस चालवायचीच तर १८० फेऱ्यांच्या आत, कट पाव मिमी, कूलंट (थंड ठेवणारं पाणी-तेल) सतत. पितळेवर मात्र ती सुंदर काम देते. वरचे दात घासून सपाट करा, तडा तिथूनच जातो. आणि तिच्यावर हातोडी कधीच मारू नका, तुकडे उडतात.

प्रतिसाद २
पॉवर हॅक्सॉचं (लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीचं) जुनं ब्लेड आणा, पण आधी ग्राइंडरवर ठिणगी बघा. पिवळी, फुलं फुटणारी ठिणगी म्हणजे कार्बन स्टील. मंद लालसर, जवळपास फुलंच नसलेली म्हणजे हायस्पीड. दात आणि पाठ, दोन्हीकडे तपासा.

प्रश्नकर्ता
तपासलं दादा. दातांकडे लालसर, पाठीकडे पिवळी फुलं.

प्रतिसाद २
मग ते बायमेटल आहे, म्हणजे दोन पोलादं जोडलेलं; फक्त दातांची कड कामाची. सोडून द्या. मशीन शॉपच्या भंगारात टोक मोडलेली सेंटर ड्रिल (जॉबच्या मध्यावर सुरुवातीचं छिद्र पाडायची आखूड ड्रिल) मागा, ८ मिमी बॉडीची. ती अख्खी हायस्पीड असतात. १६ मिमी चौकोनी एमएस बारच्या टोकाला ८ मिमी छिद्र पाडा, ड्रिल आवळायला वरून एम६ ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू) द्या. ड्रिलच्या बॉडीवर स्क्रूसाठी छोटा सपाट भाग घासा, नाहीतर कट लागताच ती छिद्रात फिरते. टोकाचा वरचा अर्धा भाग घासून सपाट करा, खाली ८ अंश क्लिअरन्स. घासताना निळं पडलं तरी हायस्पीडला चालेल, पण लाल झालेलं पाण्यात बुडवू नका, बारीक भेगा पडतात.

उंची अशी बघा: जॉब आणि टूलच्या टोकामध्ये स्टीलची पट्टी हलकेच दाबा. पट्टी उभी राहिली की सेंटर बरोबर. वरची कड तुमच्याकडे झुकली तर टूल खाली आहे, हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याचं पॅकिंग घाला.