बायोपॉलिमर सरसकट 'प्लास्टिकला पर्याय' म्हणून खपवावेत का?

साचाकाम
पीएलए (पॉलिलॅक्टिक अॅसिड) हा वनस्पतींतल्या साखरेपासून बनवलेला बायोपॉलिमर, म्हणजे जैविक प्लास्टिक. त्याचे दाणे रोज हाताळतो, म्हणून लिहितोय. ते ५५ ते ६० अंश सेल्सिअसलाच मऊ पडतं. साध्या पीएलएच्या कपात उकळतं पाणी ओता, कप बसकण मारतो. ताकदीला कमी नाही, पण थोडं ताणलं की तटकन तुटतं. दाणे नीट वाळवले नाहीत तर वितळतानाच पाणी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं आणि माल ठिसूळ निघतो. कुजायला त्याला कंपोस्ट प्रकल्पातली ५८ अंशांच्या आसपासची ऊब आणि ओल लागते. साध्या मातीत किंवा समुद्रात पडलेला तुकडा वर्षानुवर्षं तसाच राहतो. तरी वेष्टनावर नुसतं 'विघटनशील' छापतात. ही ग्राहकाची फसवणूक आहे आणि मला तिची चीड येते. म्हणून माझं उत्तर 'नाही'.

तंतुवेध
चीड पटली, निष्कर्ष नाही. एका पीएलएवरून सगळ्यांना का मोजता? पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट) हा दुसरा बायोपॉलिमर घ्या. फ्रेंच संशोधक मॉरिस लमोआन यांना ते १९२६ मध्ये जिवाणूंच्या पेशींत सापडलं. आपण चरबी साठवतो तसं जिवाणू ते साठवतात, म्हणूनच माती आणि समुद्रातल्या जिवाणूंना ते पचतं. आता कंपोझिटचं, म्हणजे पॉलिमरमध्ये (लांब साखळ्यांच्या रेणूंच्या पदार्थात, जसं प्लास्टिक) तंतू किंवा खनिज मिसळून केलेल्या मालाचं बोलू. जवसाच्या तंतूची घनता घन सेंटिमीटरला साधारण १.५ ग्रॅम, काचतंतूची २.५, वजनाच्या हिशेबात कडकपणाला जवस काचेच्या तोडीला येतो. नैसर्गिक तंतू २०० अंशांच्या पुढे करपू लागतात आणि पीएलए १५० ते १८० लाच वितळतं, त्यामुळे जोडी जमते. गाड्यांच्या दारांच्या आतल्या पॅनेलमध्ये असे तंतू आहेतच.

साचाकाम
पण त्या पॅनेलमध्ये तंतूंना धरून ठेवणारं प्लास्टिक बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीन असतं, म्हणजे खनिज तेलच. शिवाय तंतूला पाणी आवडतं, पॉलिमरला नाही. तुटलेल्या पट्टीचं टोक भिंगाखाली धरून बघा: तंतू सुयांसारखे बाहेर आलेले, आणि जिथून निसटले तिथे गुळगुळीत भोकं. पकड बसलेलीच नसते. दमट हवेत तंतू फुगले की उरलीसुरली पकडही जाते.

तंतुवेध
त्यासाठीच तंतू कॉस्टिक सोड्यात धुतात. वरचं मेण आणि हेमिसेल्युलोज व थोडं लिग्निन हे वनस्पतीतले घटक निघतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पॉलिमर त्यात रुतून बसतो. ओलीचा प्रश्न संपत नाही, हे मान्य. पण साध्या प्लास्टिकलाही उन्हात टिकवायला रसायनं घालावी लागतात. तिथे कोणी 'नापास' म्हणत नाही.

हाडवैरी
दोघंही 'किती टिकतं' यावर अडलात. आमच्या शस्त्रक्रियेत विरघळणं हाच गुण. पॉलिग्लायकोलिक अॅसिड या पॉलिमरचे टाके १९७० च्या दशकापासून वापरात आहेत. जखम भरेपर्यंत धरतात, मग शरीरातलं पाणीच त्यांच्या साखळ्या तोडतं आणि टाके काढावे लागत नाहीत. हाडाच्या स्क्रूत पॉलिलॅक्टिक अॅसिडबरोबर हायड्रॉक्सिअॅपेटाइट मिसळतात. हाडाला ते ओळखीचं खनिज, शिवाय पॉलिमर तुटताना होणारं आम्ल ते काही अंशी शमवतं. कंपोझिट म्हणजे नुसता भराव नव्हे, हे इथे दिसतं.

साचाकाम
हे उदाहरण बिनतोड आहे. पण तिथे किती महिने टिकायचं ते आधी ठरवतात आणि मग पॉलिमर निवडतात. पिशव्या-कपांत उलटं चालतं. उसापासूनचं पॉलिथिनही 'बायो' म्हणून विकतात. ते साध्या पॉलिथिनसारखंच न कुजता राहतं. उलट पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचं प्लास्टिक खनिज तेलापासून बनतं आणि कुजतं. 'बायो' शब्दावरून ग्राहकाने काय समजायचं? किती अंशांवर, कुठे, किती दिवसांत कुजेल, एवढं वेष्टनावर छापा. मग माझी तक्रार नाही.

तंतुवेध
छापायलाच हवं, यात वाद नाही. पण तेवढ्यासाठी पर्याय म्हणून वापरूच नका, हे मी मानणार नाही.