प्रतिसाद: बघे आणि धावून जाणारे

"अपघात झाला की लोक फक्त मोबाइल काढतात" हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरं. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, तीस माणसं गेली. तेव्हा ऐन पावसाळ्यात दोर लावून त्या निसरड्या दरीत महाबळेश्वरचे ट्रेकर उतरले. ना ओळख, ना पगार! मला तरी अजून त्यांचाच आधार वाटतो.

आणि पोलिसांच्या झंझटीला घाबरून मागे राहणाऱ्यांसाठी: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आहे. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.