मदत हवी आहे: टायर ओढून वेग वाढतो की नुसत्या मांड्या भरतात?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात एका तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळतो, उजव्या विंगला. वय २३, वजन ६४ किलो. शाहू स्टेडियमवरचा सीझन सुरू व्हायला आठ आठवडे आहेत. एकदा सुटलो की कुणाला सापडत नाही, पण पहिल्या दहा मीटरमध्येच मार खातो. तेवढ्यात समोरचा बॅक (बचावपटू) अंगावर आलेला असतो.

गेल्या वर्षी जिममध्ये पंधरा-पंधराचे सेट मारले. लेग प्रेसवर वजन वाढलं, मैदानावर फरक शून्य, उलट मॅचच्या दिवशी पाय जड. तालमीतले जुने खेळाडू म्हणतात, रोज तीनशे बैठका काढ. काढल्या. दम वाढला, झटका काही आला नाही.

आता आठवड्यातून दोनदा स्क्वॉट करतो: ८० किलो, पाच-पाचचे चार सेट, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. शिवाय कमरेला दोर बांधून टायर ओढत २० मीटरचे सहा स्प्रिंट. घोळ टायरचाच आहे. ओल्या गवतावर तो सुळकन मागं येतो. वाळल्या मुरमावर तोच टायर माती उकरत बसतो आणि मी औताला जुंपल्यासारखा वाकून चालतो. मग वजन ठरवायचं कसं?

दुसरं, नॉर्डिक. गुडघ्यांवर बसतो, मित्र घोटे दाबून धरतो, मी हळूहळू पुढं झुकतो. नंतर दोन दिवस मांडीची मागची बाजू धरते. मॅचच्या आठवड्यात करावं का?

प्रतिसाद १:
भावा, टायर किलोत मोजू नकोस, घड्याळावर मोज. मोकळे २० मीटर ३.२ सेकंदांत जात असशील तर टायरसकट ३.५ च्या आसपास यायला हवेत. जड ओढणंही चुकीचं नाही, पहिल्या पावलांची ताकद त्यानंच येते. पण ते वेगळ्या दिवशी, दहाच मीटर. शेवटी दोन-तीन स्प्रिंट मोकळे मारायचेच. नॉर्डिक सोडू नकोस, दुखापती टाळण्यासाठीच्या फिफा ११ प्लस वॉर्मअपमध्येही ते आहे. दोन सेट, चार-चार वेळा, एवढ्यावर आण. काही आठवड्यांत दुखणं कमी होतं. मॅच रविवारी असेल तर ते आणि जड स्क्वॉट बुधवारपर्यंत उरक.

धागाकर्ता:
आज मुरमावर मोजलं. मोकळा ३.२, टायरसकट ४.१! स्कूटरचा टायर चालेल का?