शब्दचर्चा : पान्हा, पान्हवणे आणि ‘पान्हा चोरणे’

प्रश्न : ‘म्हैस पान्हा चोरते’ असं गावाकडे सर्रास ऐकू येतं. म्हणजे ती मुद्दाम दूध राखून ठेवते, असं समजायचं का? जनावराला एवढं ठरवता येतं? आणि ‘पान्हवणे’ व ‘दूध देणे’ यांत फरक काय?

उत्तर १ : फरक मोठा आहे. ‘दूध देणे’ हा रोजचा हिशेब. ‘पान्हवणे’ ही त्याआधीच्या एका क्षणाची गोष्ट. रेडकू ढुशा देतं, सड लुचतं, तोवर कास सैलच असते. मग एकाएकी ती तटतटते, सड भरून येतात. धार काढणारा म्हणतो, ‘पान्हवली’, आणि रेडकाला ओढून बाजूला बांधतो.

आत काय होतं, तर पिल्लाचा स्पर्श, आंबोणाची पाटी, ओळखीच्या माणसाची चाहूल यांनी मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात येतं, कासेतले बारीक स्नायू आवळतात आणि दूध खाली उतरतं. गाईच्या सडांवरच्या पोकळीत साधारण पाचवा हिस्सा दूध आधीच उतरलेलं असतं, म्हशीच्या जेमतेम पाच टक्के. म्हैस पान्हवली नाही, तर चरवी जवळपास कोरडीच राहते. चोरीचा आळ म्हशीवर जास्त येतो तो त्यामुळेच असावा.

उत्तर २ : ‘चोरणे’चा अर्थ इथे लबाडी असा घेऊ नये. ‘अंग चोरून बसणे’ आठवा. तिथे कोणी काही पळवत नाही, माणूस आक्रसून बसतो. म्हैसही तशीच आक्रसते. अमेरिकेत इली आणि पीटरसन यांनी १९४१ मध्ये दाखवलं की दचकवलेल्या गाईचं दूध उतरत नाही. नवा गोठा, परका हात, शेजारी भुंकणारं कुत्रं, एवढंही पुरतं. यात ठरवाठरवी नाही, पण ओळख आहे आणि धास्ती आहे. कोणता हात रोजचा, हे तिला नेमकं कळतं.

प्रश्नकर्ता : पण वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे ठेवायचे, आणि गाय ते चाटून पान्हवायची. मग त्याला माया म्हणायचं का?

उत्तर २ : माया खोटी ठरत नाही. गाय पिल्लाला मुख्यतः वासाने ओळखते, आणि तो वास कातड्याला असतो. मात्र नुसत्या पान्ह्यावरून माया सिद्ध होते, असंही म्हणू नका. सवयीने बादलीच्या आवाजावरही गाय पान्हवते. माया बघायची असेल, तर वासरू तोडल्यावर गाय दावणीला कशी हिसके देते, चारा टाकून कशी हंबरत राहते, ते बघा. म्हशीसाठी शब्द ‘रेकणे’. तिचं ते रेकणं ऐकलं की ‘मुकं जनावर’ हा शब्द मला खटकतो.

उत्तर १ : वापराबद्दल एक आग्रह. पान्हा येतो, फुटतो, सुटतो, आटतो. क्रियापदं बघा, सगळी आपोआप घडणारी. इंजेक्शन टोचून काढतात त्याला ‘पान्हा’ म्हणू नये, ‘दूध उतरवणे’ म्हणावं. जनावराच्या तब्येतीला अपाय होईल अशा रीतीने दूध वाढवण्यासाठी टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. त्या कलमात मुळात ‘फुका’ची, म्हणजे दूध काढण्यासाठी जनावराच्या योनीत हवा फुंकण्याच्या प्रकाराची, बंदी होती, इंजेक्शनचा उल्लेख नंतरच्या दुरुस्तीत आला. ‘फुका’वर वेगळा धागा काढायला हवा.