मॉडेल ग्लायडरला मोटर बसवताना तिच्या दांड्याचा (शाफ्टचा) कोन किती ठेवावा?

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा)
नमस्कार. माझा २ मीटर पंखाचा, बाल्साच्या हलक्या लाकडाचा ग्लायडर मी आजवर दोरीने ओढून उडवत आलो. यंदा त्याचे नाक कापून ब्रशलेस मोटर आणि ११×६ चा (११ इंच व्यास, ६ इंच पिच म्हणजे एका फेऱ्यातली पुढची चाल) मिटणारा प्रॉपेलर बसवला. मोटर बंद असताना तो पूर्वीसारखाच सरळ तरंगतो. परंतु पूर्ण थ्रॉटल देताच नाक वर उचलतो, डावीकडे वळतो आणि वेग संपून कोसळू लागतो. दांडा सध्या अगदी सरळ आहे. एलिव्हेटर (शेपटीची हलती आडवी पट्टी) खाली ट्रिम करून, म्हणजे कायमची किंचित खाली वळवून, भागेल का?

उत्तर (दारव्हा)
भाऊ, ट्रिमला हात लावू नका. पूर्ण थ्रॉटलसाठी ट्रिम खाली नेलीत की मोटर बंद होताच तोच ग्लायडर नाक खाली घालून घसरेल. पंख मंद वेगासाठी शेपटीच्या तुलनेत थोड्या चढत्या कोनात बसवलेला असतो आणि उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून मोटरने वेग दिला की नाक वर जाते. डावीकडे वळण्याचे कारण प्रॉपेलर फिरताना विमानाला बसणारा उलटा पीळ आणि शेपटीवर आदळणारा त्याचा गरगरता वारा. दांडा ३ अंश खाली आणि २ अंश उजवीकडे झुकवून सुरुवात करा. समोरासमोरच्या स्क्रूंमध्ये १९ मि.मी. अंतर असेल, तर एका बाजूला घातलेला १ मि.मी. जाडीचा वॉशर बरोबर ३ अंश देतो. वॉशर वरच्या स्क्रूखाली घाला.

उत्तर (हिंगणघाट)
शेवटच्या वाक्याबाबत सावध राहावे. मोटर फायरवॉलच्या (नाकातली जिच्यावर मोटर स्क्रूने बसते ती आडवी फळी) पुढे असेल तरच वॉशर वर येतो. ग्लायडरच्या निमुळत्या नाकात ती बहुधा फायरवॉलच्या मागून बसते. तेव्हा वॉशर खालच्या आणि उजव्या स्क्रूवर हवेत, नाहीतर दांडा नेमका वर आणि डावीकडे वळतो. माझ्याकडून ही चूक झाली होती आणि ग्लायडर धुऱ्यावर (बांधावर) आपटून पंखाचा मधला जोड तुटला. शिवाय ४० मि.मी. लांब दांड्याचे टोक ३ अंशांत सुमारे २ मि.मी. खाली सरकते, स्पिनर (प्रॉपेलरवरची टोपी) नाकाशी जुळण्यासाठी मोटर तेवढी वर बसवावी.

प्रश्नकर्ता
मोटर मागूनच बसवलेली आहे. वॉशर खाली आणि उजवीकडे घातले. काल उजाडताच, वारा पडलेला असताना, सोयाबीन निघालेल्या वावरात आधी अर्धा आणि मग पूर्ण थ्रॉटल देऊन पाहिला. आता तो डावीकडे वळत नाही आणि सरळ चढतो. फक्त पूर्ण थ्रॉटलला नाक अजून किंचित उचलतो. खाली अर्धा अंश आणखी देऊन पाहतो.